शेजाऱ्यांतील अबोला

भाऊबंदांत किंवा शेजारपाजारात भांडण झाले म्हणजे त्याचे पहिले लक्षण अबोला हे असते. वाटेत गाठ पडली तरी मान फिरवायची, घरच्या कार्याचे आमंत्रण द्यायचे नाही आणि दुसऱ्याकडून आले तर जायचे नाही, असा या अबोल्याचा रिवाज आहे. त्याला पैसा लागत नाही आणि त्यात कमीपणाही येत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. परंतु दोन्ही घरांची विहीर एक असली, शेताचा बांध सामाईक असला आणि वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतात उतरत असले, म्हणजे अबोल्याचा खर्च हळूहळू दिसू लागतो. विहिरीतला गाळ काढायचा राहून जातो. बांध फुटतो तो दोघांच्याही पिकावरून पाणी नेतो. शेजाऱ्याशी पटत नाही म्हणून कोणी आपले शेत उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही. राष्ट्रांची गोष्टही याहून फारशी निराळी नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया आणि आफ्रिका या खंडांत जी राष्ट्रे स्वतंत्र झाली, त्यांपैकी बहुतेकांच्या सीमा परक्या राज्यकर्त्यांनी आखलेल्या होत्या. कालपर्यंत एका छत्राखाली असलेले प्रांत एकाएकी परराष्ट्रे झाले, आणि एकमेकांशी कधी संबंध न आलेले मुलूख एका राष्ट्रात आले. भांडणाला कारणे पुष्कळ होती आणि भांडण पेलण्याची ऐपत मात्र कोणाचीच नव्हती. श्रीमंत राष्ट्र युद्धाच्या तयारीला पैसा काढते तो आपल्या शिलकेतून. गरीब राष्ट्राला तो शाळेच्या, दवाखान्याच्या आणि कालव्याच्या पैशातून काढावा लागतो. यास्तव अशा राष्ट्रांना शेजाऱ्यांशी सलोखा हा केवळ सद्गुणाचा प्रश्न नसून चरितार्थाचा प्रश्न आहे. त्यासाठी त्यांनी ठिकठिकाणी प्रादेशिक संघटना स्थापिल्या. त्यांपैकी आशियातल्या दोन संघटनांची हकीकत शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. एक आग्नेय आशियातील राष्ट्रांची ‘आसियान’ आणि दुसरी दक्षिण आशियातील राष्ट्रांची ‘सार्क’.

आसियानचा जन्म मैत्रीतून झाला असे कोणी समजेल तर तो इतिहासाचा विपर्यास होईल. सप्टेंबर १९६३ मध्ये मलाया, सिंगापूर, साबा आणि सारावाक यांचे मिळून मलेशिया हे संघराज्य झाले. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो यांनी ते ब्रिटिशांचे कारस्थान ठरविले आणि मलेशिया चिरडून टाकण्याची घोषणा दिली. बोर्निओच्या जंगलांत दोन्ही बाजूंच्या चकमकी सुरू झाल्या. फिलिपीन्सने साबा प्रांतावर आपला हक्क सांगितला. मार्च १९६५ मध्ये सिंगापुरातील एका इमारतीत इंडोनेशियाच्या नौदलातील सैनिकांनी बाँब ठेवला आणि तीन निरपराध माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिंगापूर मलेशियापासून अलग झाले, तेही कटुतेने. तात्पर्य, ज्या राष्ट्रांनी पुढे संघ स्थापिला, त्यांच्यात थायलंड सोडले तर परस्परांशी भांडण नाही असे राष्ट्र शोधून सापडले नसते.

इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये सत्तांतर झाले. ते रक्तरंजित होते. लक्षावधी माणसे त्यात मारली गेली, हे विसरून चालणार नाही. नव्या राजवटीला मलेशियाशी चाललेला झगडा मिटवायचा होता. थायलंडचे परराष्ट्रमंत्री थानात खोमान यांनी मध्यस्थी केली, बँकॉकमध्ये बोलणी झाली आणि ऑगस्ट १९६६ मध्ये जाकार्ता येथे समेट झाला. या समेटाच्या निमित्ताने झालेल्या मेजवानीत खोमान यांनी इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री आदम मलिक यांच्यापाशी नव्या संघटनेची कल्पना काढली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

एक वर्षाने, ऑगस्ट १९६७ मध्ये, पाच राष्ट्रांचे मंत्री बँकॉकजवळच्या बांगसेन या समुद्रकाठच्या गावी जमले. मलिक आणि खोमान यांच्या जोडीला मलेशियाचे तुन अब्दुल रझाक, फिलिपीन्सचे नार्सिसो रामोस आणि सिंगापूरचे एस. राजरत्नम हे होते. सकाळी गॉल्फ खेळावा, जेवताना बोलावे आणि औपचारिक भाषणे करू नयेत, अशी त्या चार दिवसांची रीत होती. ८ ऑगस्ट रोजी बँकॉकमध्ये त्यांनी ज्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात अवघी पाच कलमे आहेत. त्यात सैन्य नाही, न्यायालय नाही, कोणाला शिक्षा करण्याची तरतूद नाही. आर्थिक उन्नती, सामाजिक प्रगती आणि सांस्कृतिक विकास यांसाठी एकत्र काम करावे, आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दरवर्षी एकदा भेटावे, एवढाच त्याचा मथितार्थ. तो वाचून पुष्कळांनी ही संघटना फार दिवस टिकणार नाही असे भाकीत केले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

कसोटी लौकरच लागली. १९६८ मध्ये साबाच्या हक्कावरून मलेशिया आणि फिलिपीन्स यांचे पुन्हा बिनसले. वकिलाती ओस पडल्या आणि आसियानच्या बैठकाही काही महिने खंडित झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिंगापूरने बाँबस्फोटाबद्दल दोषी ठरलेल्या दोघा इंडोनेशियन सैनिकांना फाशी दिली. अध्यक्ष सुहार्तो यांनी दयेची विनंती केली होती, ती सिंगापूरने मान्य केली नाही. जाकार्तात जमावाने सिंगापूरच्या वकिलातीची नासधूस केली. संघटना मोडण्यास याहून अधिक काय हवे?

ती मोडली नाही. सुहार्तो यांनी लोकक्षोभापुढे मान तुकवून लहान शेजाऱ्यावर हात उगारला नाही. डिसेंबर १९६९ मध्ये मलेशियातील कॅमेरॉन हायलंड्स येथे आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली आणि त्याच बैठकीच्या वेळी मलेशिया व फिलिपीन्स यांनी आपले संबंध पूर्ववत जोडल्याचे जाहीर झाले. साबाचा प्रश्न सुटला नव्हता. तो आजही कागदोपत्री सुटलेला नाही. परंतु प्रश्न तसाच ठेवून अबोला मात्र सोडता आला. बैठकीची तारीख ठरलेली होती आणि तिला जाणे हा रिवाज पडू लागला होता, म्हणून कोणालाच ‘मी आधी आलो’ असा कमीपणा घ्यावा लागला नाही. पुढे मे १९७३ मध्ये सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू जाकार्ताला गेले असता त्यांनी त्या दोन सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिली. शिक्षा चुकीची होती असे ते म्हणाले नाहीत; पण शेजाऱ्याच्या दुःखाची बूज त्यांनी राखली. तेवढ्याने बरेच काम झाले.

या संघटनेची चाल मंद होती, हे मान्य केले पाहिजे. पहिली शिखर परिषद बाली येथे भरली ती फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर साडेआठ वर्षांनी. त्याच वेळी मैत्री व सहकार्याचा तह झाला. परस्परांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये आणि तंटे बळाने न सोडविता सामोपचाराने सोडवावेत, हे त्याचे सार. सचिवालय जाकार्तात स्थापन करण्याचे ठरले. निर्णय बहुमताने घ्यावयाचे नाहीत, सर्वांशी मसलत करून एकमताने घ्यावयाचे, ही पद्धत त्यांनी आपल्या गावगाड्यातून उचलली. इंडोनेशियाच्या खेड्यांत तिला ‘मुशावरा’ म्हणतात; या शब्दात मूळचा अरबी धागा आहे आणि तोच आपल्या ‘मशवरा’ या शब्दातही आहे.

डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामचे सैन्य कंबोडियात शिरले. आसियानने त्याचा दहा वर्षे कसून विरोध केला. तथापि विरोध करीत असतानाच बोलण्याची वाट त्यांनी बुजू दिली नाही. जुलै १९८८ मध्ये इंडोनेशियाने कंबोडियातील भांडणारे पक्ष आणि व्हिएतनाम यांना बोगोर येथे अनौपचारिक बैठकीसाठी बोलाविले. एकमेकांना मान्यता न देणारी माणसे एका छपराखाली आली. १९९१ मध्ये पॅरिस येथे कंबोडियाविषयीचा करार झाला आणि १९९५ मध्ये खुद्द व्हिएतनाम आसियानचे सदस्य झाले. १९९९ पर्यंत सदस्यसंख्या दहा झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर अकरावे सदस्य म्हणून आत आले. हा देश १९७५ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे इंडोनेशियाच्या ताब्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रवेशाचे महत्त्व कळेल.

दरम्यान बेटांचे आणि सीमांचे काही तंटे या राष्ट्रांनी संघटनेबाहेर, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. २००२ मध्ये सिपादान व लिगितान ही बेटे मलेशियाला मिळाली आणि इंडोनेशियाने तो निकाल मानला. २००८ मध्ये पेद्रा ब्रांका हे बेट सिंगापूरला मिळाले. नित्य भेटणाऱ्यांना पराभव पचविणे सोपे जाते, असा याचा अर्थ करता येईल.

मात्र आसियानची आरती ओवाळण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये नॉम पेन येथे दक्षिण चिनी समुद्राच्या प्रश्नावर इतका मतभेद झाला की, पंचेचाळीस वर्षांत प्रथमच परराष्ट्रमंत्र्यांना संयुक्त निवेदन काढता आले नाही. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. एप्रिलमध्ये जाकार्ता येथे पाच कलमी तोडगा ठरला, पण लष्करशहांनी तो धाब्यावर बसविला आणि संघटनेला त्यांना परिषदेबाहेर ठेवण्यापलीकडे फार काही करता आले नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया या दोन सदस्यांतच सीमेवरून पाच दिवस लढाई झाली. मलेशियाने अध्यक्ष या नात्याने दोघांना पुत्राजाया येथे बोलावून शस्त्रसंधी घडविला. डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा उसळली आणि वर्षअखेरीस पुन्हा शस्त्रसंधी करावा लागला. बैठकीची सवय म्हणजे शांततेची हमी नव्हे. आग लागली असता शेजाऱ्याला हाक मारता येईल एवढी ओळख तिने राहते, इतकेच.

आता आपल्या अंगणाकडे वळू. दक्षिण आशियात अशी संघटना असावी ही कल्पना १९८० मध्ये बांगलादेशाचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी मांडली. १९८१ मध्ये त्यांची हत्या झाली, परंतु कल्पना मागे राहिली. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात राष्ट्रांच्या प्रमुखांनी सनदेवर सह्या केल्या. १९८७ मध्ये काठमांडूत सचिवालय सुरू झाले आणि २००७ मध्ये अफगाणिस्तान आठवे सदस्य झाले. जगाच्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा या आठ राष्ट्रांत राहतो. सनदेत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत : प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा आणि द्विपक्षीय वादाचे विषय चर्चेत आणू नयेत. म्हणजे आसियानने जे रिवाजाने पाळले, तेच सार्कने कलम करून लिहिले. मग फळ निराळे का आले?

सार्कचा सारा डोलारा राष्ट्रप्रमुखांच्या भेटीवर उभा राहिला, आणि एक प्रमुख न आला तर परिषदच भरत नाही, असा प्रघात पडला. सनदेप्रमाणे परिषद वर्षातून एकदा भरावयाची. १९८५ ते २०१४ या तीस वर्षांच्या आत-बाहेरच्या काळात ती केवळ अठरा वेळा भरली. ज्या वर्षी भांडण, त्या वर्षी परिषद नाही. म्हणजे ज्या औषधाची गरज आजारात, ते प्रकृती सुधारल्यावर द्यावयाचे, असा हा प्रकार झाला.

भेट झाली तेव्हा तिचा उपयोग झाला नाही, असेही नाही. जानेवारी २००२ मध्ये, संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये सीमेवर उभी असताना, काठमांडूच्या परिषदेत पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी अटलबिहारी वाजपेयी यांच्यापुढे हात केला आणि वाजपेयींनी तो घेतला. त्या हस्तांदोलनाने ताण लगेच निवळला नाही. परंतु दोन वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये, सार्क परिषदेसाठी वाजपेयी इस्लामाबादेस गेले तेव्हा दोघांचे संयुक्त निवेदन निघाले आणि खुंटलेली बोलणी पुन्हा सुरू झाली. त्याच परिषदेत मुक्त व्यापार क्षेत्राचा करारही झाला. परिषदेचे निमित्त नसते तर भारताच्या पंतप्रधानांनी त्या वेळी इस्लामाबादची वाट धरली असती काय, याचा विचार श्रोत्यांनी करावा.

सप्टेंबर २०१६ मध्ये उरी येथील लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला. नोव्हेंबरमध्ये इस्लामाबादला एकोणिसावी परिषद व्हायची होती. भारताने जाण्याचे नाकारले. बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तान यांनीही तेच केले. परिषद पुढे ढकलली गेली आणि ती अद्याप भरलेली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात ब्रिक्स परिषद झाली, तेव्हा भारताने तिला जोडून बंगालच्या उपसागराभोवतालच्या ‘बिमस्टेक’ या संघटनेच्या नेत्यांना बोलाविले. पाकिस्तान या संघटनेत नाही. पुढे मे २०२३ मध्ये गोव्यातच बाणावली येथे शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री तिला आले. पण यजमान आणि पाहुणा यांची स्वतंत्र भेट झाली नाही. एका मांडवात बसून अबोला पाळावा तसे ते झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे सव्वीस जणांची हत्या झाली, आणि १९६५, १९७१ व १९९९ या तीन लढायांतून टिकलेला १९६० चा सिंधू पाणीवाटप करारही भारताने स्थगित केला. मे महिन्यात चार दिवस प्रत्यक्ष लढाई झाली.

येथे एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो. ज्याच्या भूमीवरून मारेकरी येतात त्याच्या घरी मेजवानीस जावे काय? मेलेल्यांच्या आप्तांना काय सांगावे? हा प्रश्न अवाजवी नाही. आसियानची तुलना येथे जशीच्या तशी लागूही पडत नाही. इंडोनेशियाने मलेशियाविरुद्धचा झगडा आधी सोडला आणि मग संघटना झाली. शिवाय त्या पाच राष्ट्रांना साम्यवादाची समान धास्ती होती. दक्षिण आशियातील राष्ट्रांना धास्ती आहे ती एकमेकांचीच. हा फरक झाकून उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तरीही अबोल्याचा हिशेब मांडावाच लागतो. दक्षिण आशियातील राष्ट्रांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्के आहे. आसियान राष्ट्रांत हेच प्रमाण पंचमांशाहून अधिक आहे. २०१४ च्या काठमांडू परिषदेत वीज-सहकार्याचा करार झाला, पण वाहनांच्या ये-जा करण्याचा करार एका राष्ट्राच्या नकाराने अडला. नेपाळच्या नद्यांत वीज आहे आणि बांगलादेशाला विजेची गरज आहे. मध्ये भारताच्या तारा आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या तारांवरून नेपाळची चाळीस मेगावॉट वीज प्रथमच बांगलादेशात पोचली. एवढी साधी गोष्ट घडण्यास इतकी वर्षे लागली. याउलट मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा भारताच्या पुढाकाराने आठही राष्ट्रांचे प्रतिनिधी दूरचित्रसंवादाने एकत्र बोलले आणि एक आकस्मिक निधी उभा राहिला. साथीला सीमा कळत नाही, तशी ती पुराला, धुराला आणि हिमनद्यांच्या वितळण्यालाही कळत नाही.

सार्कऐवजी बिमस्टेक हा उपाय काहीजण सुचवितात. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत सात राष्ट्रे आहेत; तिचे सचिवालय ढाक्यात आहे, तिची सनद मे २०२४ पासून अमलात आली आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथे तिची सहावी शिखर परिषद झाली. ज्यांच्याशी जमते त्यांच्यासह काम करावे, यात वावगे काही नाही. मात्र ज्याच्याशी जमते त्याच्याशी बोलण्यास संघटना नसली तरी चालते. ज्याच्याशी जमत नाही त्याच्यासाठीच ती निर्माण करावी लागते.

यातून निघणारा धडा साधा आहे. शिखर परिषद हे बक्षीस समजून ती द्यावयाची की रोखावयाची, असा विचार न करता खालच्या पायरीवरच्या बैठका भांडणापासून अलग राखता येतील. जलतज्ज्ञ, डॉक्टर, हवामानशास्त्रज्ञ, रेल्वे आणि विजेचे अभियंते यांनी ठरल्या तारखेस भेटावे. प्रमुख आले नाहीत तरी त्यांचे काम थांबू नये. दहशतवादाविरुद्ध कठोर राहण्यास याने बाध येत नाही. सिंगापूरने फाशीची शिक्षा माफ केली नव्हती आणि आसियानची खुर्चीही सोडली नव्हती.

यात मोठ्या राष्ट्रावर अधिक भार पडतो. इंडोनेशिया आसियानमध्ये सर्वांत मोठा. त्याने आवाज चढविला असता तर संघटना पहिल्या दोन वर्षांतच संपली असती. दक्षिण आशियात भारताची बहुतेक सर्व सदस्यांशी सीमा लागते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची एकमेकांशी लागत नाही. घराचा माजघर ज्याच्याकडे असतो, त्याच्याच दारातून सर्वांना जावे लागते. ते दार केव्हा, कोणासाठी आणि किती उघडावे हे ठरविण्याचा अधिकार भारताचा आहे. पण ते कायमचे बंद राहिले तर अंधार माजघरातही होतो. काठमांडूतील सचिवालयाचे दिवे आजही लागतात, तेथे आठ राष्ट्रांचे ध्वजही फडकतात. एकोणिसाव्या परिषदेची तारीख तेवढी ठरावयाची आहे.